दिल्लीची वाट : सरोजिनी नगरला जाणे आणि तिथे फिरणे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या आपल्या शाळेने मला बोलण्यासाठी विषय दिला होता, 'शाळेबाहेरचे जग'. हा विषय एका तासाला फार मोठा होतो. म्हणून मी त्यातली एकच वाट निवडली आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत असताना माझी बरीच वर्षे दक्षिण दिल्लीतल्या सरोजिनी नगर या सरकारी वसाहतीत गेली. तिथवर कसे जायचे आणि गेल्यावर तिथे कसे फिरायचे, एवढेच मी आज सांगणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु आपल्या शाळेतली मुले आता परीक्षांसाठी, नोकरीसाठी, उपचारांसाठी आणि कधी नुसत्या हौसेने दिल्लीला जातात. त्यांचे पालक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : मराठी माध्यमात शिकलेले आमचे मूल त्या एवढ्या मोठ्या शहरात गोंधळून तर जाणार नाही ना? काही पालक तर याच भीतीपोटी पहिलीतच शाळा बदलतात. या प्रश्नाला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्यापेक्षा रस्ता दाखवून द्यावे, असे मला वाटते.

प्रथम दिल्लीपर्यंतची वाट. महाराष्ट्रातून दिल्लीला जाणारे लोहमार्ग मुख्यतः दोन. एक मुंबईहून सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा असा पश्चिम रेल्वेचा. हा अंतराने कमी, सुमारे चौदाशे किलोमीटरांचा. १९७२ साली सुरू झालेली मुंबई राजधानी याच मार्गाने जाते. दुसरा मध्य रेल्वेचा : मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल याच मार्गाची. पुण्याची झेलम एक्सप्रेस दौंड आणि अहिल्यानगरवरून मनमाडला येऊन याच मार्गाला लागते. वास्को-द-गामाहून निघणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे करीत तिकडेच वळते.

घाई नसेल तर मुलांना एकदा तरी या दुसऱ्या मार्गाने न्यावे. भूगोलाच्या पुस्तकातली पाने या मार्गावर खिडकीबाहेर एकामागून एक उलगडतात. भुसावळ सोडले की तापी लागते. बुऱ्हाणपूरच्या पुढे असीरगडाचा डोंगर दिसतो. दख्खनचा दरवाजा म्हणून ज्याची ख्याती, तो हाच किल्ला. इटारसीनंतर नर्मदा ओलांडली की गाडी विंध्याचा घाट चढते. ग्वाल्हेरच्या पुढे मुरैना आणि धौलपूर यांच्या दरम्यान चंबळ येते आणि तिच्या दोन्ही काठांवरच्या मातीच्या घळी पाहून मुले आपोआप गप्प होतात. यमुनेची मात्र पुष्कळांची निराशा होते. गाडी तिच्या पश्चिमेकडूनच दिल्लीत शिरते, त्यामुळे नदी ओलांडावीच लागत नाही.

हा रस्ता आपल्याला परका नाही. अठराव्या शतकात मराठी फौजा माळवा, बुंदेलखंड, ग्वाल्हेर अशाच मजला मारीत उत्तरेला गेल्या. १७३७ च्या मार्चमध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत पोहोचले आणि तालकटोऱ्यापाशी लढाई झाली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात महादजी शिंद्यांचा शब्द दिल्लीत चालत होता, आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत तो अंमल संपला. तालकटोरा आज एक बाग आणि एक स्टेडियम आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच तालकटोरा स्टेडियममध्ये, डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याआधीचे दिल्लीतले संमेलन १९५४ सालचे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालचे. म्हणजे सत्तर वर्षांनी मराठी लेखक आणि वाचक पुन्हा त्या वाटेने गेले. सरोजिनी नगरपासून तालकटोरा फार दूर नाही. तिकडे जाणाऱ्या मुलांनी ती बाग जरूर पाहावी.

आता दिल्लीत उतरण्याविषयी. नवी दिल्ली हे स्टेशन सर्वांना माहीत असते, म्हणून सगळे तिथेच उतरतात. दक्षिण दिल्लीत जायचे असेल तर अलीकडचे हजरत निजामुद्दीन स्टेशन अधिक सोयीचे. मुंबईची ऑगस्ट क्रांती राजधानी आणि गोवा एक्सप्रेस तर तिथेच संपतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या दिवसांत उत्तरेत धुके पडते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि पहाटे पोहोचणारी गाडी दुपारी पोहोचते. परीक्षा किंवा मुलाखत असेल तर एक दिवस हाताशी ठेवूनच निघावे. सोबत जाड शाल असावी. आपल्याकडच्या स्वेटरला दिल्लीचा जानेवारी जुमानत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा निजामुद्दीनहून सरोजिनी नगरला जाण्याचे तीन मार्ग होते : ऑटो, बस आणि रिंग रेल्वे. या रिंग रेल्वेची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे. मालगाड्यांनी शहराच्या मध्यावरून न जाता बाहेरून वळसा घ्यावा, यासाठी १९७५ साली दिल्लीभोवती सुमारे ३५ किलोमीटरांचे लोहकडे पूर्ण करण्यात आले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी त्यावर प्रवासी गाड्या वाढवल्या गेल्या आणि स्थानके सजवली गेली. सरोजिनी नगरलाही एक थांबा मिळाला. वसाहतीच्या उत्तर अंगाने रूळ जातात, तिथेच तो आहे. मुंबईची लोकल पाहिलेल्या माणसाला हा थांबा पाहून नवल वाटे. फलाट आहे, पाटी आहे, गाडीही येते, आणि चढणारे मात्र चार-दोन. असे का झाले असावे? रूळ मालगाड्यांच्या सोयीने टाकलेले. त्यामुळे स्थानके वस्तीच्या मागच्या बाजूला पडली. तिथून मुख्य रस्त्यापर्यंत, बसथांब्यापर्यंत जायला धड वाट नाही. गाड्याही मोजक्याच. दारातून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनातून कचेरीपर्यंत पोहोचता आले नाही, तर मधला लोहमार्ग कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही. मुंबईच्या लोकलला स्टेशनबाहेर बेस्टची बस उभी असते, रिंग रेल्वेला तसे कोणी नव्हते. प्रवास म्हणजे दोन टोकांचे जोड, हे मला या ओसाड फलाटाने शिकवले.

त्या काळी खरा आधार होता बसचा. दिल्ली परिवहन निगमच्या बसगाड्यांत रिंग रोडने शहराला प्रदक्षिणा घालणारी एक सेवा होती. तिचे नाव 'मुद्रिका'. मुद्रिका म्हणजे अंगठी, हे आपल्या शाळेत संस्कृत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. उलट दिशेने, त्याच रस्त्याने जाणारी, बाहेरच्या वर्तुळावरची, थांबे गाळणारी, असे तिचे प्रकार होते. रिंग रोड सरोजिनी नगरच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे नवख्या माणसाला मी एकच युक्ती सांगत असे : वाट चुकली तर रिंग रोड गाठा आणि मुद्रिका पकडा, फार तर उलटी फेरी होईल, परंतु तुम्ही शहराबाहेर फेकले जाणार नाही. सकाळी कचेरीच्या वेळी मात्र बसच्या दारात लटकण्याची वेळ येई. म्हणून वसाहतीतले लोक मिळून 'चार्टर्ड' बस ठरवत. ठरलेल्या कोपऱ्यावर, ठरलेल्या मिनिटाला ती येई आणि सेंट्रल सेक्रेटरिएटच्या परिसरात सोडी. त्या बसमध्ये विणकाम चाले, वाटाणे सोलले जात, बढत्या-बदल्यांच्या बातम्या कळत. माझे हिंदी सुधारले ते त्याच बसमध्ये, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या एका पंजाबी ताईंना 'ळ' म्हणता येऊ लागला तोही तिथेच.

आजचा प्रवासी अधिक सुखी आहे. दिल्ली मेट्रोची पिंक लाइन ६ ऑगस्ट २०१८ रोजी सरोजिनी नगरपर्यंत आली. स्टेशन जमिनीखाली आहे आणि बाजाराजवळच बाहेर पडता येते. निजामुद्दीनला उतरलात तर तिथेच पिंक लाइन आहे : आश्रम, विनोबापुरी, लाजपत नगर, साउथ एक्स्टेन्शन, दिल्ली हाट-आयएनए आणि मग सरोजिनी नगर. नवी दिल्ली स्टेशनावर उतरलात तर यलो लाइनने आयएनएपर्यंत यावे, तिथे गाडी बदलावी आणि एक स्टेशन पुढे जावे. विमानाने आलात तर एअरपोर्ट एक्सप्रेसने धौला कुआँला उतरावे. तिथून लांबलचक पादचारी पुलाने दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्टेशनात जाता येते. तिथून सर विश्वेश्वरय्या मोतीबाग, भिकाजी कामा प्लेस आणि तिसरे सरोजिनी नगर. मुलींच्या पालकांसाठी मुद्दाम सांगते : मेट्रोच्या धावत्या दिशेचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो, आणि २०१९ च्या भाऊबीजेच्या दिवसापासून दिल्लीच्या सरकारी बसमध्ये स्त्रियांना गुलाबी तिकिटावर विनामूल्य प्रवास मिळू लागला.

मघाशी मी जी स्थानकांची नावे घेतली, ती पुन्हा एकदा कान देऊन ऐका. दुर्गाबाई देशमुख या संविधान सभेच्या सदस्या आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. त्यांचे यजमान चिंतामणराव देशमुख मूळचे महाडजवळचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्या पदाचा राजीनामा देणारे. विनोबापुरी हे नाव गागोद्याच्या विनोबांचे. भिकाजी कामा मुंबईत जन्मल्या; त्यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये भारताचा ध्वज फडकवला. सरोजिनी नगरला लागूनच नौरोजी नगर आहे, ते मुंबईच्या दादाभाईंचे. पलीकडे लक्ष्मीबाई नगर, ते तांब्यांच्या मनूचे, झाशीच्या राणीचे. आणि रिंग रेल्वेवर नवी दिल्लीच्या पुढची दोन स्थानके आहेत शिवाजी ब्रिज आणि टिळक ब्रिज. इंग्रजी अमदानीत त्यांची नावे मिंटो आणि हार्डिंज या व्हाइसरॉयांची होती. मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला दिल्लीचा नकाशा अनोळखी वाटण्याचे काही कारण नाही. त्यातली निम्मीअधिक माणसे त्याला इतिहासाच्या पुस्तकात आधीच भेटलेली असतात.

आता प्रत्यक्ष वसाहतीत शिरू. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत सरकारी खाती वाढली आणि कारकुनांना, साहाय्यकांना राहायला जागा हव्या झाल्या. त्यासाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत विनय नगर ही एक. पुढे तिला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. जुनी मंडळी मात्र विनय नगरच म्हणत आणि इथल्या बंगाली शाळेच्या नावात ते जुने नाव अजूनही टिकून आहे. पगाराच्या श्रेणीप्रमाणे घरांचे 'टाइप' ठरलेले असत. बुटक्या, एकदोन मजली इमारतींच्या रांगा, मधोमध हिरवळीचा चौक, कडेने कडुनिंब, जांभूळ, पिंपळ. पत्ता म्हणजे रोमन लिपीतले एक अक्षर आणि एक आकडा. गल्लीला नाव नाही, घराला नाव नाही.

आपल्याकडे पत्ता विचारला की माणूस मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, अमक्याचे किराणा दुकान अशा खुणा सांगतो. दिल्लीकर खुणा सांगतो त्या 'लाल बत्ती' आणि 'गोल चक्कर' यांच्या. दुसऱ्या लाल बत्तीवरून डावीकडे, म्हणजे दुसऱ्या सिग्नलवरून. वसाहतीच्या आत तर सिग्नलही नसतो. तिथे ब्लॉकचे अक्षर शोधायचे आणि आकडे कोणत्या दिशेने वाढतात ते पाहत चालायचे. ही पद्धत एकदा उमगली की रात्रीदेखील घर सापडते. तरीही मी नव्यांना सांगत असे की आकड्यावर विसंबू नका, माणसांना विचारा. कपड्यांना इस्त्री करणारा झाडाखाली कोळशाची इस्त्री घेऊन बसलेला असे. त्याला प्रत्येक घरातली माणसे, त्यांचे खाते आणि त्यांच्या निवृत्तीचे वर्षसुद्धा पाठ असे. दुधाच्या केंद्रावरचा माणूसही तसाच. विचारताना 'भैया' किंवा 'भाई साहब' म्हणावे, वयस्कर स्त्रीला 'माताजी' म्हणावे. दिल्लीची बोली आपल्या कानांना जरा दणदणीत वाटते, परंतु त्या आवाजात राग नसतो. वाट विचारणाऱ्याला तिथे कोणी टाकून बोलत नाही. पुष्कळदा तर चार पावले सोबत येतात.

भाषेचा विषय निघालाच आहे तर पालकांसाठी थोडे सविस्तर बोलते. दक्षिणेतल्या माझ्या मैत्रिणींना दिल्लीत आल्यावर आधी पाट्या वाचायला शिकावे लागले. मला पहिल्याच तासाला सगळ्या पाट्या वाचता आल्या, कारण देवनागरी मी या शाळेच्या बालवर्गात गिरवली होती. लिपी एक असण्याचा हा केवढा फायदा आहे, तो आपल्याला घरी बसून कळत नाही. अर्थात त्यात गमतीही होतात. दिल्लीच्या शिक्षण खात्याच्या कार्यालयावर 'शिक्षा निदेशालय' अशी पाटी असते. मराठी मूल ती वाचून दचकते, कारण आपल्याकडे शिक्षा म्हणजे छड्या किंवा अंगठे धरून उभे राहणे. 'आपत्ति' म्हणजे हिंदीत हरकत, आपल्याकडे संकट. 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. त्यामुळे कोणी 'कल मिलेंगे' म्हटले तर क्रियापदाकडे लक्ष ठेवावे लागते. अशा दहावीस शब्दांची यादी शाळेनेच मुलांना करून द्यावी, अशी माझी सूचना आहे. हिंदीच्या तासाला तो मोठा मजेचा पाठ होईल.

बाजारासंबंधी बोलले नाही तर समोरच्या मुली मला क्षमा करणार नाहीत. सरोजिनी नगरचा बाजार मूळचा वसाहतीतल्या कुटुंबांच्या गरजेपुरता. भाजी, किराणा, लोकर, शाळेचे गणवेश. पुढे निर्यातीतून उरलेले किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेले कपडे तिथे ढिगाने येऊ लागले आणि तो सबंध उत्तर भारतात गाजला. सोमवारी बाजार बंद असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. रविवारी पाऊल ठेवायला जागा नसते. मंगळवार ते शुक्रवार सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर कपडा हातात घेऊन, शिवण उलटवून पाहता येते. भाव करावा, पण हसत करावा. उन्हाळ्यात मे-जूनमध्ये लू वाहते तेव्हा दुपारी बाहेर पडू नये.

याच बाजारात २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या ऐन खरेदीत, बॉम्बस्फोट झाला. त्याच संध्याकाळी पहाडगंजात आणि गोविंदपुरीतल्या एका बसमध्येही स्फोट झाले. तिन्ही मिळून साठांहून अधिक माणसे गेली. त्या दिवाळीत आमच्या ब्लॉकमध्ये कोणी फटाके उडवले नाहीत. पुढे काही दिवसांनी दुकाने उघडली, बायका पिशव्या घेऊन बाहेर पडल्या आणि बाजार पुन्हा भरू लागला. शहराच्या धैर्याची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत; मला ते धैर्य त्या पिशव्यांत दिसले.

वसाहतीतून बाहेर पायी फिरण्याजोगे पुष्कळ आहे. पूर्वेला गेलात की आयएनएचा बाजार आणि १९९४ साली सुरू झालेले दिल्ली हाट लागते. तिथे निरनिराळ्या राज्यांच्या कारागिरांची आणि खाद्यपदार्थांची दालने असतात. जवळच सफदरजंग विमानतळ आहे, इंग्रजी काळात तो विलिंग्डन एअरफील्ड म्हणून ओळखला जाई. रिंग रोडवर सफदरजंग रुग्णालय, आणि त्याच्या समोर १९५६ साली स्थापन झालेले एम्स. महाराष्ट्रातून उपचारांसाठी येणारी कितीतरी कुटुंबे मी त्या फाटकापाशी भेटले आहे. मराठी ऐकू आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो दिलासा उमटे, तो सांगता येणार नाही. त्यांना आम्ही हेच सांगत असू : पहाडगंजच्या बाजूला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी विद्यालय आहे, कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग इथे महाराष्ट्र सदने आहेत. एक फेरी तिकडे मारा, माणसे भेटतील.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनाही एक माहिती हवी. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते हे खरे. परंतु मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीतून देता येते. हा हक्क कागदावर आहे म्हणून वापरावाच असे मी म्हणत नाही. आपल्याला कोणत्या भाषेत नेमके बोलता येते ते पाहून प्रत्येकाने ठरवावे. मात्र हा हक्क असल्याचेच ठाऊक नसणे बरे नाही.

आता एक जड गोष्ट. मी वर्णन केलेले सरोजिनी नगर आज तुम्हांला दिसणार नाही. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर त्यांत आहेत. सातही वसाहतींतली १२,९७० जुनी घरे पाडून तिथे सुमारे २५,६६७ नवी घरे बांधायची, अशी ती योजना. सरकारी नोकरांना घरे कमी पडतात, वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागते, हे मी स्वतः सोसले आहे. त्यामुळे अधिक घरांची गरज मला मान्य आहे. परंतु त्यासाठी हजारो जुनी झाडे जाणार हे कळल्यावर २०१८ च्या जूनमध्ये नागरिक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. त्या लोकांत माझे जुने शेजारी होते. ज्या घरांवर त्यांचा आता काडीचा हक्क नव्हता, तिथल्या झाडांसाठी ते गेले होते.

हक्क नव्हता, हे महत्त्वाचे. सरोजिनी नगरात कोणाचेच घर स्वतःचे नसे. निवृत्ती झाली की ठरलेल्या मुदतीत किल्ली परत करायची. ज्या अंगणात मुले रांगली, ज्या जांभळाखाली मुलीचे केळवण झाले, तिथे पुढच्या महिन्यात दुसरे कुटुंब. त्या वसाहतीत वाढलेल्या मुलींना माहेरचा पत्ता नसतो, असे आम्ही अर्धवट थट्टेने म्हणत असू. इमारती पाडल्या गेल्यावर तर ते अक्षरशः खरे झाले. ब्लॉकचे अक्षर गेले, आकडा गेला, इस्त्रीवाल्याचे झाड गेले. इतकी वर्षे तिथे राहिलेल्या माझ्यासारखीलाही आता मेट्रोतून वर आल्यावर दिशा विचारावी लागेल.

आणि ती मी विचारीन, संकोच न बाळगता. अनोळखी जागी थांबावे, पाटी वाचावी, समोरच्याला अदबीने विचारावे, ऐकलेले नीट लक्षात ठेवावे आणि पुढे चालावे, एवढेच तर वाट सापडण्यासाठी लागते. या पाचही गोष्टी मी याच शाळेत मराठीतून शिकले. वाचायला बाईंनी शिकवले. विचारायला गुरुजींनी शिकवले, कारण वर्गात प्रश्न न विचारणाऱ्यावर ते अधिक रागवत. पालकहो, इंग्रजी जरूर शिकवा, उत्तम शिकवा. दिल्लीत ती पावलोपावली लागते. हिंदीही चांगली करून घ्या. परंतु या दोन्ही भाषा ज्या पायावर उभ्या राहतात तो पाया मुलाला समजणाऱ्या भाषेत घातलेला असावा. वाट विचारण्याचे धैर्य मुलाला आधी त्याच्या घरच्या भाषेतच येते, पुढे ते कोणत्याही भाषेत वापरता येते.

एका व्यवहाराच्या सूचनेने थांबते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण दिल्लीत, बंगळूरला, परदेशात आहेत. प्रत्येकाने आपापल्या शहरात कसे पोहोचावे, कोणत्या स्टेशनावर उतरावे, कोणती गाडी घ्यावी, आजारी पडल्यास कुठे जावे आणि मराठी माणसे कुठे भेटतील, हे दोन पानांत लिहून शाळेकडे द्यावे. शाळेने त्याची एक वही करून ग्रंथालयात ठेवावी आणि दर दोन वर्षांनी ती सुधारावी, कारण मेट्रो वाढते, बसचे मार्ग बदलतात आणि वसाहती पाडल्या जातात. बाहेर जाणाऱ्या मुलाने निघण्यापूर्वी ती वही उघडावी. सरोजिनी नगरची दोन पाने मी आज लिहून आणली आहेत. ती मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करते. पुढची पाने तुम्ही भरा.

शाळेच्या हीरक महोत्सवाला मनःपूर्वक शुभेच्छा.